ओट्याचा रंग

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी तू पाठवलेले तिन्ही नमुन्यांचे फोटो पाहिले. लाल क्वार्ट्झचा, निळा अ‍ॅक्रिलिकचा आणि तो गडद हिरवा, 'मार्बल' म्हणून दाखवलेला. बाबांनी चष्मा कपाळावर ठेवून एकदाच नजर टाकली आणि "काळा घे म्हणावं, कटकट नाही" असा निकाल दिला. माझं म्हणणं वेगळं आहे आणि जरा लांबलचक आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसले.

भडक रंग घ्यावा की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही. तुला आवडतो, त्याच्यासमोर रोज तू उभी राहणार, मग झालं. "उद्या घर विकायचं झालं तर?" असं विचारणारे भेटतीलच. अजून न आलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा ओटा तू आजपासून का पुसत बसायचं? मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. रंग त्या वस्तूच्या नुसत्या कातडीवर आहे की हाडामांसात उतरलाय, हे आधी विचार. ओरखडा पडला, कोपरा उडाला, ऊन लागलं तर काय दिसेल, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

लॅमिनेटमध्ये तो निव्वळ कातडीवर असतो. वर मेलामाइन नावाच्या कडक प्लास्टिकचा पारदर्शक थर, त्याखाली रंगीत कागद आणि त्याखाली रेझिनमध्ये, म्हणजे वाळून प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून दाबलेले तपकिरी कागद. सगळं मिळून जाडी जेमतेम एक मिलिमीटर. रंग हवा तो मिळतो, पण कडेला तपकिरी रेघ दिसते आणि पिवळ्या-लाल रंगाला ती फारच डाचते. तरी मी लॅमिनेटला नाव ठेवणार नाही. ज्याला रंगाचा कंटाळा येईल अशी धास्ती वाटते, त्याने सरळ लॅमिनेट लावावं आणि काही वर्षांनी बदलावं. मोठ्या पोर्सिलिन स्लॅबचंही बहुतेक वेळा असंच, नक्षी वरवर छापलेली. उन्हाने ती विटत नाही आणि तापलेलं भांडंही सोसते, पण कड घासली की आतला वेगळा रंग बाहेर येतो.

आता तुझा लाल. क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झ याच नावाच्या खनिजाचा चुरा असतो, बाकी रेझिन आणि रंगद्रव्य. रंग आरपार असतो, डाग सहसा धरत नाही, पॉलिशही पुन्हा पुन्हा करावं लागत नाही. दुखणं आहे ते रेझिनचं. त्याला तापलेलं भांडं सोसत नाही आणि थेट ऊन तर मुळीच नाही. तुझ्या ओट्यावर खिडकीतून सकाळचं ऊन सरळ पडतं ना? मग खिडकीजवळचा भाग आणि सिंकजवळचा भाग काही वर्षांनी दोन वेगळे लाल दिसू लागण्याची शक्यता आहे. पांढऱ्या स्लॅबमध्ये असा फरक थोडाफार झाकून जातो, लालमध्ये नाही. त्यातून लाल रंगद्रव्यं सगळी सारखी नसतात. लोखंडाच्या ऑक्साइडचा विटकरी लाल उन्हाला दाद देत नाही, पण चेरीसारखे झगझगीत लाल बहुतेक सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त, रंगद्रव्यांचे असतात आणि त्यातले बरेच उन्हापुढे हार मानतात. (माझ्यातली रसायनाची बाई निवृत्त व्हायला तयार नाही, काय करू!)

क्वार्ट्झच घ्यायचं ठरलं तर एक अट घाल: घरात कोरडी कापाकापी अजिबात नाही. कापणं-घासणं कारखान्यात, पाणी सोडून, कारागिराच्या तोंडाला नीट मास्क असताना. त्या बारीक धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस नावाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतं, पण खूप कमी, आणि काळजी तिथेही हवीच.

हिरव्याबद्दल आधी विचारून घे की तो नक्की कोणता दगड आहे. हिरवा मार्बल म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा सर्पेंटाइन नावाच्या खनिजाचा असतो, म्हणजे ग्रॅनाइटपेक्षा बराच मऊ. त्यात पांढऱ्या शिरा असतील तर त्या बहुधा कॅल्साइटच्या, म्हणजे आंबट न सोसणाऱ्या खनिजाच्या, आणि लिंबाचा रस सांडला की तिथली चकाकी गेलीच म्हणून समज. पुसून ती परत येत नाही. हिरवाच हवा तर ब्राझीलचा उबातुबा बघ. कठीण दगड आहे, त्यात सोनेरी-हिरवे कण असतात. फक्त मंद उजेडात तो जवळजवळ काळा दिसतो, म्हणजे हिरवा दिसावा म्हणून वर दिवा लावावा लागेल. (बाबा खूश!)

खऱ्या दगडात निळा फार दुर्मीळ. नॉर्वेतल्या लार्विकचा 'ब्लू पर्ल' मला स्वतःला फार आवडतो. त्यात निळं रंगद्रव्य नसतंच. फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या अतिशय पातळ थरांमधून उजेड परततो आणि एका विशिष्ट कोनातून निळी चमक उठते. दोन पावलं बाजूला सरकलं की दगड करडा. पण भिंतीसारखा ठाम निळा हवा असेल, तर तो दगड तुझ्या कामाचा नाही.

म्हणून माझं मत तुझ्या निळ्या अ‍ॅक्रिलिकला. १९६७ मध्ये ड्युपाँट कंपनीने 'कोरिअन' (Corian) नावाने हा प्रकार आणला, आता अनेक कंपन्या बनवतात. अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या एका पांढऱ्या खनिजाची पूड एकत्र ओतून पत्रे करतात, त्यामुळे रंग वरपासून खालपर्यंत एकच. ओरखडा पडला तर घासून काढता येतो. सांधा दिसत नाही, सिंकही त्याच रंगाचं ओट्यात जोडून मिळतं. पण गडद आणि एकसारख्या निळ्यावर प्रत्येक ओरखडा पांढरी रेघ होऊन उठतो, हेही खरं. तेव्हा बारीक ठिपके असलेला निळा आणि तोही मॅट घे. चकचकीत केलास तर वरच्या कपाटाखालच्या एलईडीचे ठिपके ओळीने ओट्यात उमटतील आणि तुला रोज तेच दिसत राहतील. शेगडीशेजारी हातभर भाग स्टीलचा किंवा दगडाचा ठेव, कारण अ‍ॅक्रिलिकलाही गरम भांडं चालत नाही.

मळाचं म्हणशील, तर गडद रंग मळखाऊ असतो हा समज अर्धाच खरा. गडद आणि एकरंगी पृष्ठभागावर वाळलेल्या पाण्याचे पांढरे डाग, पीठ, बोटांचे ठसे सगळं दिसतं. काळा घेणाऱ्यांना ते नंतर कळतं. दाणेदार रंगावर काही दिसत नाही. ते सोयीचं की अडचणीचं, तुझं तू ठरव. मला दिसलेलं बरं वाटतं, निदान पुसलं तरी जातं. रंगाचा आणखी एक फायदा माझ्या वयात कळायला लागलाय. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप आणि ओट्याची कड आता मला पटकन उमगत नाही. निळ्यावर दोन्ही स्पष्ट दिसतात.

निर्णय मात्र त्या तळहाताएवढ्या तुकड्यावरून घेऊ नकोस. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग जास्त भडक दिसतो. निदान वहीच्या उघड्या दोन पानांएवढा नमुना माग आणि तो भिंतीला टेकवून न बघता ओट्याच्या उंचीवर आडवा ठेव. सकाळी बघ, संध्याकाळी दिवे लावून बघ. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली निळा मलूल होतो, ४००० च्या आसपास तो जागा होतो. बल्बच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे ना ते वाच, नाहीतर रंगाचा दोष नसताना तू रंगावर रागावशील.

शेजारी कपाटाच्या शटरचाही तुकडा हवा. शेव्रोल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणमाग कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं. तू ज्या नारिंगी छटेच्या लाकडी शटरचा विचार करते आहेस, त्याशेजारी तुझा निळा आणखी चढेल. तसं हवं असेल तर उत्तम. शांत हवा असेल तर करडी शटरं घे. आणि ओटा ठाम रंगाचा असेल तर डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, टाइल्स साध्याच ठेव, दोघांनाही बोलायला लावू नकोस.

सगळे पत्रे एकाच लॉटचे आहेत ना, हे बसवण्याआधी नंबर जुळवून बघ. लॉट बदलला की निळा बदलतो. नळ आणि सिंक हातात आल्याशिवाय भोक पाडू देऊ नकोस. शेगडीसाठी कापून निघालेला तुकडा कारागीर भंगारात टाकेल, तो मागून घे आणि माळ्यावर ठेव. पुढे कोपरा उडाला तर ठिगळ त्यातूनच लावता येईल, बाजारात तो निळा तेव्हा मिळेलच असं नाही.

मोठा नमुना आला की उन्हातला आणि दिव्यातला, दोन्ही फोटो पाठव.

तुझी,
आई