‘खातं बंद पडलंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, कुठल्याही शाखेत गेलं तरी ‘खातं बंद पडलंय’ ही तक्रार आणि ‘वरूनच बंद आहे’ हे उत्तर ऐकू येतं. दोन्ही अपुरी आहेत. केवायसी (ओळख-पत्त्याची कागदपत्रं) थकल्याने थांबवलेलं खातं, दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं खातं, पोलिसांच्या सूचनेवरून गोठवलेलं खातं आणि मर्यादा ओलांडल्याने अडलेलं ओव्हरड्राफ्ट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर्जाऊ उचल देणारं) खातं, या प्रत्येकाचा इलाज वेगळा. पोलिसांचा होल्ड असताना आधारची झेरॉक्स दहादा दिली तरी काही हलत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज द्यावा: ‘माझं खातं कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेपासून आणि किती रकमेपुरतं अडवलं आहे, ते लेखी कळवावं.’ दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. पुढे सगळीकडे हीच पोच विचारतात.

सर्वांत जास्त हाल होतात ते सीसी (कॅश क्रेडिट, मालाच्या तारणावरचं तसंच उचल खातं) किंवा ओडी (ओव्हरड्राफ्ट) खातं असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे. वडगाव-शहापूरचा यंत्रमागवाला, उद्यमबागेतला छोटा कारखानदार, निपाणीचा तंबाखू व्यापारी यांचं सगळं भांडवल या एकाच खात्यातून फिरतं. दुकानातल्या क्यूआर कोडवर कुणीतरी आठ हजार रुपये टाकतो, माल घेऊन जातो. ते पैसे परराज्यातल्या एखाद्या फसवणुकीतून फिरत आलेले निघाले, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीचा माग काढत सूचना थेट बँकेत येते आणि सीसीची पाच लाखांची मर्यादा ठप्प होते. दुकानदाराला कळतं ते चेक परत आल्यावर.

अशा वेळी बँकेकडून सायबर तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि ईमेल, वादातल्या व्यवहाराचा यूटीआर (त्या व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक, तारीख आणि रक्कम एवढं मागून घ्यावं. मग त्या विक्रीचं बिल, डिलिव्हरी चलन, ग्राहकाशी झालेले मेसेज जोडून तपास अधिकाऱ्याला इंग्रजी किंवा हिंदीत ईमेल करावा, प्रत शाखेला द्यावी. मागणी एकच ठेवावी: होल्ड आठ हजारांपुरता ठेवून बाकी खातं मोकळं करावं. पोलिसांच्या सूचनेत नमूद असलेल्या रकमेपुरतंच खातं अडवावं, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे; अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा. पोलिसांकडून दाद लागली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली संबंधित मॅजिस्ट्रेटकडे वकिलामार्फत अर्ज करता येतो. ‘दहा हजार द्या, खातं सोडवून देतो’ असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक समजावी.

आता व्याजाचं. खातं गोठलं तरी व्याज गोठत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. पाच लाख पूर्ण उचलले असतील आणि दर ११ टक्के असेल, तर रोजचं व्याज सुमारे १५० रुपये, महिन्याचं साडेचार हजार. ते महिनाअखेरीस खात्याला लागलं की बाकी ५,०४,५०० होते, म्हणजे मर्यादेच्या वर. सलग ९० दिवस अशी वर राहिली की खातं एनपीएत (थकीत, बुडीत कर्जांच्या यादीत) जातं. ९० दिवसांत एकही रक्कम जमा झाली नाही, किंवा जमा झालेली रक्कम व्याजालाही पुरली नाही, तरी तेच. आणि नेमकी इथेच चूक होते. ‘भरलेले पैसे अडकतील’ या भीतीने माणूस त्या खात्यात भरणाच थांबवतो. भीती खोटी नाही, पण उपाय उलटा आहे. फक्त उचल बंद असेल तर भरणा चालू असतो. निदान दर महिन्याच्या व्याजाइतकी रक्कम तरी भरत राहावं. भरणासुद्धा बंद केला असेल तर ‘व्याज भरण्यास तयार आहे, स्वीकारण्याची सोय करावी’ असं लेखी द्यावं. दिलेले चेक परत जाणार हे दिसताच समोरच्याला आधी फोन करून दुसऱ्या मार्गाने पैसे पोहोचवावेत. चेक परतल्याची कायदेशीर नोटीस हाती पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवसच मिळतात.

क्यूआर कोड सीसी खात्याला जोडूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच बँकेत साधं चालू खातं घेऊन क्यूआर तिथे लावावा आणि रोज संध्याकाळी जमा रक्कम सीसीत वळती करावी. वळती करणं टाळू नये. विक्री सीसीतून फिरताना दिसली नाही तर मर्यादेच्या नूतनीकरणाला मॅनेजर हरकत घेतो.

कधी पोलीस नसतात, केवायसी नसते, तरी पैसे निघत नाहीत. तिथे सीसी खात्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या किमतीवरून ठरणारी उचल, बघावी. माल सहा लाखांचा, त्यातलं एक लाखाचं देणं बाकी, मार्जिन (स्वतःचा वाटा) २५ टक्के, तर उचल मिळते पावणेचार लाख, मंजुरीपत्रावर पाच लाख लिहिलेले असले तरी. स्टॉक स्टेटमेंट (बँकेला दिलेला मालसाठ्याचा तक्ता) तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की त्यावरची उचल अनियमित धरतात.

बचत खात्याचं थोडक्यात. केवायसी जोखमीनुसार दोन, आठ किंवा दहा वर्षांनी नवी करावी लागते. माहितीत बदल नसेल तर स्वयंघोषणा पुरते. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा: आधारवर कन्नडवरून आलेलं स्पेलिंग, पॅनवर शाळेच्या दाखल्यातलं. आधी ती दोन्ही जुळवावीत, मगच बँकेत जावं. किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून बचत खातं उणे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार अशा उणे बाकीत वळते झाले असतील तर लेखी हरकत घ्यावी.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्रात टपालाने किंवा ईमेलने आलेली तक्रार कोणत्याही भाषेत घेतात, म्हणजे मराठीतही. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या हेल्पलाइनवर मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं. पोलिसांचा आदेश लोकपाल बदलू शकत नाही, पण लेखी कारण न देणं हा बँकेचा दोष आहे आणि तो तिथे मांडता येतो. सौहार्द (कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी कायद्याखालची) पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिची तक्रार तिथे चालत नाही, सहकार खात्याकडे जावं लागतं.

सीमाभागातल्या शाखांना एकच विनंती. खातं अडवल्याचं कारण, तारीख, रक्कम आणि कुणाकडे जायचं, या चार गोष्टींची छापील चिठ्ठी कन्नड आणि मराठीत त्याच दिवशी ग्राहकाच्या हाती द्यावी.

– बँक व्यवहारातले काही जाणकार, बेळगाव