अंडी घातली म्हणजे निगा चांगली, असं नसतं

मा. संपादक,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात फोटोसकट बातमी होती, एकाच्या घरी बॉल पायथननं (आफ्रिकेतला छोटा अजगर, लोक पाळतात तो) अंडी घातली, पिल्लंपण बाहेर आली आणि शेवटी लिहिलेलं की पिल्लं होतायत म्हणजे सापाची निगा उत्तमच असणार. त्या गृहस्थांबद्दल माझं काही म्हणणं नाही, जीव लावूनच करत असतील. पण ते शेवटचं वाक्य काही पटलं नाही, आणि हल्ली बेळगाव निपाणी चिकोडी कुठंपण जावा, साप-कासव पाळणारी पोरं हेच बोलतात म्हणून लिहायला घेतलं. मी खानापूर भागात घरात शिरलेले साप पकडून परत रानात सोडायचं काम करतो.

पहिलं आपल्याकडचंच सांगतो. दरवर्षी कुणाच्यातरी गोठ्यातनं नाहीतर गवताच्या गंजीतनं धामण पकडली जाते, लगेच सोडायची सोडून चार दिवस ड्रममध्ये ठेवली जाते, ती तिथंच अंडी घालते आणि मग व्हॉट्सॅपवर फोटो, सर्पमित्राच्या घरी पिल्लांचा जन्म! अहो, ती नराला भेटली रानात, पोट भरलं शेतातल्या उंदरांवर, अंडी पोटात धरूनच आली की, ड्रमनं त्यात काय केलं? घोणशीचं तसंच, ती तर अंडी न घालता थेट पिल्लंच देते, बरणीत ठेवली तर बरणीत देईल. गल्लीतली कुत्री गटाराच्या कडेलापण विते, म्हणून गटार चांगलं असं कोण म्हणतं का?

बरं, अंड्यांना नर जवळ असावाच लागतो असंपण नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या झूमध्ये २०२० साली साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन मादीनं ७ अंडी घातली, निदान १५ वर्षं ती नराच्या जवळपास नव्हती. काही माद्या नराचं बीज पोटात वर्षानुवर्षं साठवून ठेवतात, काहींना नराशिवायच पिल्लं होतात. आपल्या कुंडीतला तो गांडुळासारखा दिसणारा वाळा साप, त्याच्यात तर सगळ्या माद्याच, नरच नाही. मग नुसती अंडी बघून पाळणाऱ्याला मार्क कसे द्यायचे?

माझी खरी काळजी माद्यांची आहे. अंडी तयार व्हायला कॅल्शियम लागतं, ते खाण्यातनं मिळालं नाही तर तिच्या हाडातनं जातं. लेपर्ड गेको, ती ठिपक्यांची पाळीव पाल, एका सीझनमध्ये पाठोपाठ अंडी घालते, हाडं मऊ पडली, पाय वाकडे झाले तरी घालत राहते. अजगराची मादी लवकर वजनावर यावी म्हणून तिला उंदरांवर उंदीर चारतात, ती अंगानं लवकर वाढते, लवकर अंडी घालते, अंगात चरबी साठते आणि आयुष्य कमी होतं. आणि बॉल पायथनची ती स्पायडर नावाची जात, अंगावर जाळीसारखी नक्षी असते तिच्या, त्याच जीनमुळं डोकं डुगडुगतं, काहींना शिकार धरतापण येत नाही, आणि पिल्लं मात्र भरपूर होतात. हे निगेचं यश म्हणायचं का?

मगरीचं उदाहरण तर भारतातलंच आहे. चेन्नईजवळची मद्रास क्रोकोडाइल बँक, म्हणजे मगरी सांभाळायचं-वाढवायचं केंद्र, १९७६ ची, तिथं आपल्या कृष्णेत आणि दांडेलीच्या काळी नदीत असते तीच मगर इतकी वाढली, माद्या वर्षातनं दोनदा अंडी घालायला लागल्या, की हजारोंनी मगरी झाल्या आणि सोडायला जागाच उरली नाही, शेवटी अंडी उबवणंच थांबवावं लागलं. नेमकं टेंपरेचर सांभाळून उबवायचं कामपण त्यांनी करून दाखवलं, मगरीच्या अंड्याला साधारण ३२.५ डिग्री मिळालं तर नर, ३१ च्या खाली माद्या. एवढी माणसं जाणकार असून पिल्लं जास्त झाली हाच प्रश्न होऊन बसला.

आता काही प्राण्यांत पिल्लं होणं ही खरंच मोठी गोष्ट आहे, ते नाकारत नाही. घडियालला, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या सुसरीला, खोल पाणी आणि वाळूचा काठ लागतो, ओडिशाच्या नंदनकाननला १९८० मध्ये पहिल्यांदा पिंजऱ्यात पिल्लं झाली, तीपण नर जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या झूमधनं आणून. किंग कोब्राची मादी पाला गोळा करून घरटं बांधते, पालाच दिला नाही तर काय करणार बिचारी. अशा ठिकाणी पिल्लं झाली तर पाळणाऱ्याला काहीतरी कळलंय एवढं नक्की म्हणता येतं. पण बॉल पायथन नाहीतर लाल कानाचं ते विकत मिळणारं कासव, ही जरा बरं मिळालं की वाढतात. उलट एखाद्याकडं एकटाच नर इग्वाना (तो मोठा परदेशी सरडा) आहे, त्याला कधीच पिल्लं होणार नाहीत, पण चांगली निगा असेल तर दहा-पंधरा वर्षं ठणठणीत जगेल, त्याची बातमी कोण छापत नाही.

म्हणून विनंती, पुढच्या वेळी बातमीदारांनी अजून चार गोष्टी विचाराव्यात. मादी किती वर्षांची आहे, अंड्यानंतर परत खायला लागली का, आधीच्या वेळची पिल्लं जगली का आणि गेली कुठं? जे प्राणी मेले ते कशानं मेले, डॉक्टरला दाखवलं होतं का? सरडे-कासवांना उन्हाऐवजी लावतात ती अल्ट्राव्हायोलेट ट्यूब कधी बदलली (उजेड पडत असतो पण सहा महिने-वर्षात तिचा उपयोग संपतो), आणि आपल्या पावसात चार महिने ओल असते, थंडीत रात्री करंट गेला तर ऊब कशी देतात? बॉल पायथन, इग्वाना यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) करावी लागते, पिल्लांचीसुद्धा, तेपण विचारा. आणि देशी साप किंवा स्टार कासव कुणाच्या घरी दिसलं तर फोटो छापायच्या आधी वनखात्याला कळवा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते घरी ठेवताच येत नाही.

शेतकऱ्यांसाठी एक, खणताना सापाची अंडी दिसली तर हलवू नका, उलटीपालटी तर अजिबात करू नका, आतला जीव कवचाला चिकटलेला असतो, अंडं फिरलं की मरू शकतो. वरनं माती परत ओढून ठेवा आणि वनखात्याला फोन करा.

आपला,
एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव