गेज नको, मिलिमीटर विचारा

संपादक महोदय,

लग्नसराई आली की आजीच्या कुड्या कपाटातून बाहेर निघतात आणि नातीच्या कानात जात नाहीत. कुडीची दांडी जाड, फिरकीसाठी तिच्यावर आटे पाडलेले. नातीचे भोक जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटरचे. मग तेल लावून, पाळी ओढून दांडी पिळत पिळत आत दामटतात. आट्यांच्या धारेने भोकाच्या आतली कातडी सोलवटते आणि हळदीच्या दिवशी कान टरारून सुजतो.

घोळ मापापासूनच सुरू होतो. सोनाराच्या गेजपट्टीवर, म्हणजे तारेची जाडी नंबरात सांगणाऱ्या पट्टीवर, १६ नंबरची तार सुमारे १.६ मिलिमीटर भरते, तर ऑनलाइन दागिन्यांवरचे १६ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. आकडा एकच, पट्ट्या दोन. त्यात नंबर लहान तितकी तार जाड! म्हणून मिलिमीटरच विचारावेत, दांडी व्हर्नियरने मोजावी, आणि आटे असतील तर आट्यांवरूनच माप घ्यावे.

पाळीला रोजच्या वापरासाठी १ ते १.२ मिलिमीटर पुरते. त्याहून बारीक तारेत जड झुमके घातले की साबणाची वडी दोऱ्याने कापावी तशी तार पाळी खाली कापत जाते. वजनाने भोक मोठे होत नाही, लांबते. झुमक्याचा भार केसांवर घेणारा वेल नुसता शोभेचा नाही, तो याचसाठी.

भिकबाळीचे प्रकरण वेगळे. ती कानाच्या वरच्या कुर्चेत, म्हणजे कडक पण लवचीक भागात, बसते. तिथे १.२ मिलिमीटर घ्यावे, तेही पोकळ सुईनेच. बंदूक बोथट दांडी स्प्रिंगच्या जोराने ठोकते, त्यात कुर्चा चिरडते. शिवाय प्लास्टिकची बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. वरच्या भोकाची जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागते. गणपतीत पथकात मिरवायची असेल तर निदान संक्रांतीला कान टोचावा. आदल्या आठवड्यात टोचून घाम आणि गुलालात उभे राहू नये.

हल्ली पाळीचे भोक मुद्दाम वाढवणारी मुलेही पुष्कळ. त्यात गैर काही नाही, घाई मात्र वाईट. पाळीची जखम सहा ते आठ आठवड्यांत वरवर भरते, पण वाढवण्याआधी सहा महिने थांबावे. टप्पे १.२, १.६, २, २.५, ३, ४, ५, ६ मिलिमीटर असे. मध्ये निदान सहा आठवडे, ५च्या पुढे दोन-तीन महिने. ६.५ वरून ८ ही बाजारात एकच पायरी म्हणून विकतात, पण त्यात भोकाचा घेर पावणेपाच मिलिमीटरने वाढतो. तिथे अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने जावे. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, जोजोबा तेलाचे बोट लावून, निमुळती सळई सरकवावी आणि तिच्या मागोमाग प्लग, म्हणजे भोकात बसणारी गोल खुंटी. सळई हत्यार आहे, दागिना नव्हे. ती कानात ठेवून हिंडू नये. प्लग गुळगुळीत टायटॅनियमचा किंवा काचेचा, आत जाणाऱ्या टोकाला पसरट कड नसलेला. ॲक्रिलिक आणि सिलिकॉन ताज्या भोकात नको.

दुखले, रक्त आले, तर थांबून आधीचाच प्लग परत घालावा. जोर केला तर आतली कातडी मागून उलटून ओठासारखी बाहेर येते. तसे झाल्यास लगेच एक-दोन मापे खाली यावे, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ०.९ टक्के सलाइनने दिवसातून दोनदा धुवावे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही आधी कानाचे उपद्रव शमू द्या, मग वाढवा, असाच क्रम आहे. साधारण ५-६ मिलिमीटरपुढे भोक पूर्ववत मिटेल याची खात्री नाही. मग टाके घालून पाळी शिवावी लागते.

वरच्या कानाची सूज मात्र घरी ठेवू नये. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, भोवतालच्या आवरणातून तिचे पोषण होते. पू झाला की ती विरघळते आणि कान कायमचा चुरगळतो. कान लाल, गरम आणि ठणकता असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

राहिली आजीची कुडी. लग्न महिन्यावर आले असेल तर कान वाढवण्याच्या फंदात पडू नका, सोनाराकडून बारीक दांडी लावून घ्या. फक्त डाग देण्याआधी, म्हणजे दांडी तापवून जोडण्याआधी, मोती सोडवून घ्यायला सांगा. मोती तापला की गेला.

— कान टोचण्याच्या व्यवसायातील एक वाचक, सातारा