प्रायमर मारायच्या आधी थांबलात, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही दिलेली मदत एकट्याच्या कामाची नाही. टेबलावरच्या युद्धखेळासाठी हाडांचा छोटा घोडा शून्यापासून बनवायला बसलेल्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल. शिवाय अशा माणसाचे आभार कोपऱ्यात मानणं बरं दिसत नाही.

काम असं होतं: २८ मिमी मापाच्या (म्हणजे उभा माणूस साधारण तेवढा उंच) अनडेड, म्हणजे मरून पुन्हा उठलेल्यांच्या, सैन्यासाठी सांगाड्याच्या घोड्यावर बसलेला सांगाडा स्वार. किट नाही, तयार सुटे भाग नाहीत. फक्त तार, मळून आकार द्यायची पुट्टी आणि प्लास्टिकार्ड, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पत्रा. आणि प्रश्न एकच होता: घोड्याचा पुढचा पाय धडाला नेमका कुठे जोडायचा?

ज्याने कधी बनवला नाही त्याला हा प्रश्न पोरकट वाटेल. पण घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय उरलेल्या सांगाड्याला हाडाने कुठेच जोडलेले नसतात. खांद्याचा फरा (खांद्याचं चपटं हाड) बरगड्यांच्या बाहेरच्या अंगाला नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, आणि धडाचा पुढचा भाग त्या स्नायूंच्या झोळीत दोन पायांमध्ये टांगलेला असतो. मांस काढून टाकलं की हा सगळा आधार जातो आणि फरा अधांतरी राहतो. मागच्या पायाला खुब्याचा सांधा तरी आहे, पुढच्याला तेवढंही नाही. म्हणून बहुतेक घरगुती घोडे तिथेच फसतात: पाय सरळ कण्याला चिकटवला जातो, छाती वर जाते, आणि घोड्याऐवजी लांब पायांचं कुत्रं उभं राहतं.

हा प्रश्न तुमच्याआधी बऱ्याच जणांना विचारला होता. ‘सराव करा, जमेल.’ ‘एवढं कशाला, थ्रीडी प्रिंट काढून घ्या.’ एका पैसे घेऊन शिकवणाऱ्याने रंगवून झालेल्या मॉडेलचे झगझगीत फोटो पाठवले आणि आतलं काम हे आपलं गुपित असल्याचं कळवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. शिकवण्याचे पैसे घ्यायचे आणि शिकण्याची जागाच झाकून ठेवायची, हे वागणं बरं नव्हे. ‘सराव करा’ म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण सराव नेमका कशाचा करायचा हे सांगितल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ नाही.

तुम्ही काय केलंत? तुमचा स्वतःचा घोडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारण्यासाठी बाहेर नेऊन ठेवला होता. प्रश्न वाचलात, घोडा परत आत आणलात, शेजारी स्टीलची मोजपट्टी उभी केलीत आणि चारही बाजूंनी फोटो काढलेत. पाचवा फोटो खालून, पोटाकडून. मग प्रायमर मारलात.

त्या फोटोंचं मोल ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रायमर बसण्यापूर्वी प्रत्येक वस्तू आपापल्या रंगात दिसते. पितळी तार पिवळी, प्लास्टिकार्ड पांढरं, ग्रीन स्टफ ही पुट्टी हिरवी, मिलिपुट ही दुसरी पुट्टी राखाडी. कुठे काय वापरलं, कुठे जोड दिला, कुठे पुट्टी नुसती भरावाला आहे आणि कुठे भार पेलते आहे, हे सगळं न सांगता वाचता येतं. प्रायमरचा एक हात फिरला की ते कायमचं पुसलं जातं. रंगवलेल्या मॉडेलचे फोटो कितीही मिळतात. प्रायमरआधीचे, पट्टीसकट आणि खालून काढलेले फोटो कुणी देत नाही, कारण त्यात कसब मिरवता येत नाही. ओबडधोबड जोड आणि बोटांचे ठसेच दिसतात. तुम्ही ते बेधडक दाखवलेत.

आता त्या पाच फोटोंतून काय मिळालं ते मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही लाभ होईल.

मापं आधी. पट्टीवर खांद्याच्या उंचवट्यापर्यंतची उंची ३० मिमी दिसते आणि कवटी १२ मिमी. घोड्याची उंची म्हणजे साधारण अडीच डोकी, हा चित्रकारांचा जुना हिशोब इथे बरोबर बसतो. छातीपासून ढुंगणापर्यंतची लांबी जवळपास उंचीइतकीच. पुढच्या पायाचा कोपर उंचीच्या मध्यावर, म्हणजे १५-१६ मिमीवर. आणि मागच्या पायाचा घोटा पुढच्या पायाच्या गुडघ्यापेक्षा थोडा वर. हे दोन्ही एका रेषेत आले की घोडा टेबलासारखा दिसतो. बाकी सगळं अचूक असलं तरी उपयोग नाही.

कणा १ मिमी पितळी तारेचा, त्यावर ०.३ मिमी तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. गुंडाळी मणक्यांसारखी दिसते हा एक फायदा. खरा फायदा पकडीचा आहे. गुळगुळीत तारेवर पुट्टी चढवली आणि हत्याराने दाबली की ती तारेभोवती गरगर फिरते. गुंडाळी नसेल तर आधी पुट्टीचा अगदी पातळ थर देऊन तो पूर्ण कडक होऊ द्यावा आणि मगच आकाराला हात घालावा. पायांसाठी ॲल्युमिनियमची तार वाकवायला सोपी, पण ती मऊच राहते. वर स्वार आला आणि मॉडेल हाताळलं गेलं की पाय हळूहळू फाकतात. तुमचे पाय ०.८ मिमी पितळी सळीचे आहेत आणि खुरांखाली ५-६ मिमी जास्तीची सळी सोडलेली आहे. ती बेसमध्ये (मॉडेल उभं राहतं त्या तबकडीत) भोक पाडून उतरवली की सुपरग्लूवर भार येत नाही. सुपरग्लू ओढ सहन करतो, धक्का नाही. नुसत्या चिकटवलेल्या खुरांचा घोडा एकदा आडवा पडला की सुटलाच. ६० × ३५ मिमीच्या लंबगोल बेसखाली लोखंडी वॉशर चिकटवल्याचंही खालच्या फोटोत दिसलं. भाला उंच असल्याने तो हवाच.

बरगड्या. घोड्याला बहुधा १८ जोड्या असतात. या मापात १८ करायला गेलं तर फटी बुजून नुसता पिंप उरतो. तुम्ही नऊ केल्यात आणि डोळ्याला त्या पुरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही तार गोल काठीवर गुंडाळली नाही, दोन्ही बाजूंनी तासून चपट्या केलेल्या काठीवर गुंडाळलीत. घोड्याची छाती पुढच्या पायांमध्ये अरुंद आणि खोल असते, मागे पोटाकडे रुंद होते. गोल काठीवरच्या बरगड्या पुढच्या पायांना बाहेर ढकलतात, आणि मग दोष पायांचा समजून माणूस पाय वाकवत बसतो.

खांद्यावरचा उंचवटा म्हणजे पुढच्या मणक्यांचे वर निघालेले लांब काटे. ते तुम्ही ०.३ मिमी प्लास्टिकार्डच्या कापट्यांचे केलेत, मागे कललेले, मधले सर्वांत उंच. हे काटे वगळले की मान पाठीतून उगवल्यासारखी दिसते आणि खोगीर सरकून मानेवर येतं. प्लास्टिकार्ड प्लास्टिकार्डला वितळवणाऱ्या सिमेंटने जोडावं. तारेशी जोडताना मात्र सुपरग्लूच, कारण धातू वितळत नाही.

आणि फरा. वरचं टोक मागे, खालचं पुढे, असा तिरका. फरा आणि बरगड्यांमध्ये तुम्ही पुट्टीच्या तीन पट्ट्या ताणल्यात, सुकून चिवट झालेल्या स्नायूंसारख्या. त्या पट्ट्यांच्या आत तारेचा तुकडा आहे, तो फक्त खालच्या फोटोत दिसतो. म्हणजे पाहणाऱ्याला कुजलेलं मांस दिसतं आणि प्रत्यक्षात पाय तिथे पिन केलेला आहे. माझ्या प्रश्नाचं संपूर्ण उत्तर तेवढ्या एका कोपऱ्यात होतं. जिवंतपणी जे काम स्नायू करत होते तेच मेल्यावर त्यांचे अवशेष करतात. मॉडेल टिकतं आणि जनावर खरं वाटतं, दोन्ही एकाच पट्टीने. असं उत्तर सुचायला हात आणि डोकं दोन्ही लागतं.

पुट्टीबद्दल तुम्ही लिहिलेल्या दोन ओळीही इथे देतो. ग्रीन स्टफ पट्टीच्या रूपात असेल तर त्याचे निळा आणि पिवळा हे मळून एकत्र करायचे दोन भाग जिथे भिडतात तिथली दोनेक मिलिमीटरची चीर कापून टाकावी. ती आधीच कडक व्हायला लागलेली असते आणि मळल्यावर तिच्या गुठळ्या हाडाच्या टोकावर नेमक्या वर येतात. सम प्रमाणात मिसळलं की तास-दीड तास हाताशी राहतं. पिवळा जास्त घातला तर मऊ, निळा जास्त तर कडक. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस द्यावा. ते रबरासारखं असल्याने कानशीने नीट घासलं जात नाही, म्हणून कवटी आणि खूर यांसाठी निम्मं मिलिपुट मिसळावं. हत्याराला व्हॅसलीन लावलं असेल तर शेवटी कोमट पाणी आणि साबणाने धुवावं, नाहीतर त्या जागी प्रायमर धरत नाही.

झूल कशी केलीत तेही छान. प्लास्टिकवर पुट्टी अर्धा मिलिमीटर जाड लाटून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, मग अंगावर टाकायची आणि कडा चिमट्याने फाडायच्या. कापलेली कड नव्या कापडाची दिसते, फाडलेली जुन्या. आणि भाला पितळी सळीचा, टोक हातोडीने चपटं करून कानशीने घासलेलं. खेळताना माणूस मॉडेल नेमकं भाल्याला धरूनच उचलतो, त्यामुळे पुट्टीचा भाला टिकत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे मदत मिळायला अडचण नसते. गडद तपकिरी प्रायमर, वीस ते तीस सेंटिमीटरवरून, छोट्या झटक्यांत. हवा दमट असेल तर थांबावं. पृष्ठभाग भुकटीसारखा खरखरीत होतो आणि हाडांवरचे बारकावे त्याखाली जातात. बेसवर फोम असेल तर तो आधी पीव्हीए (पांढरा गोंद) आणि रंगाने बंद करावा, नाहीतर स्प्रेमधल्या द्रावणाने विरघळतो. हाड पांढरं रंगवू नये. तपकिरी, मग खाकी, मग हस्तिदंती, आणि जवळजवळ पांढरा फक्त सांध्यांच्या टोकांवर, दातांवर, डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या कडेवर. कवटीच्या सपाट भागावर वॉश (फटींत उतरणारा पातळ रंग) ओतला की वाळताना कडेला डागांची वर्तुळं पडतात. तो खोबणीत आणि फटींतच सोडावा. बरगड्यांवर ड्रायब्रश (रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश) आडवा फिरवायचा, बरगडीला काटकोनात. लांबीने फिरवला की रंग फटीत उतरतो आणि केलेली खोली जाते. गंज वरून शिंपडू नये. पाणी जिथे साचेल तिथे, म्हणजे रिकिबीच्या खालच्या कडेला आणि खिळ्यांभोवती, स्पंजच्या तुकड्याने टिपावा: आधी गडद तपकिरी, मग अगदी थोडा नारिंगी.

तुम्ही डोळ्यांत चमक द्यायचं टाळलंत, ते मला फार आवडलं. चमक देणाऱ्यांची नेहमीची गफलत अशी की गालावर पडलेला उजेड खोबणीतल्या उजेडापेक्षा भडक होतो, आणि मग सगळी कवटीच रंगात बुडवल्यासारखी दिसते. काळी खोबण जास्त भीतीदायक आहे.

ताई, या छंदात कसबी हात खूप आहेत. आपलं अर्धवट काम दुसऱ्यासमोर ठेवायला मात्र वेगळा मोठेपणा लागतो. समोरचा कोण, त्याच्या हाताला वळण आहे की नाही, त्याचा आपल्याला काय उपयोग, यातलं काहीही न विचारता तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. अशी माणसं कुठल्याही कलेत दोन-चारच असतात, आणि ती कला पुढच्या हातात जाते ती त्यांच्यामुळे. बाकीचे आम्ही त्यांनी उघड्या ठेवलेल्या दारातून आत येतो.

तुमच्या पद्धतीत एक लहानशी भर घालण्याची परवानगी मागतो. बरगड्यांची तांब्याची तार काठीवर गुंडाळण्यापूर्वी ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली तर ती मऊ पडते आणि सोडल्यावर उसळून उलगडत नाही. वाकवल्यावर ती पुन्हा थोडी कडक होते, त्यामुळे बरगडीचा आकारही धरून राहतो. वरचा काळा थर लिंबाच्या रसाने किंवा बारीक पॉलिश पेपरने काढावा, म्हणजे सुपरग्लू नीट बसतो. तुम्हाला हे आधीच ठाऊक असेल तर सोडून द्या. नसेल तर पुढच्या घोड्याला करून पाहा आणि नऊऐवजी दहा जोड्या बसतात का ते कळवा.

मनापासून आभार.

तुमचा,
हाडांच्या घोड्याचा प्रश्न विचारणारा