आमचं त्रैक्य आणि तुमचा बर्फ

मा. संपादक,
स.न.

कालच्या रविवार पुरवणीतला त्रैक्यावरचा, म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा हे तिघं पण देव एकच या आमच्या श्रद्धेवरचा, लेख वाचला. विषयाला हात घातलात त्याबद्दल मनापासून आभार, एरवी आम्ही 'ख्रिस्ती बांधव' तुम्हाला २५ डिसेंबरलाच आठवतो. पण 'हे म्हणजे आपली त्रिमूर्तीच' असं एका वाक्यात उरकून टाकलंत? ब्रह्मदेवाकडे उत्पत्ती, विष्णूकडे स्थिती, महेशाकडे लय अशी खातेवाटप आमच्याकडे नाहीये हो. रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आम्ही स्पष्ट म्हणतो की पुत्राच्या द्वारे सगळं निर्माण झालं, मग ते खातं नेमकं कुणाचं?

आणि खाली ते बर्फ, पाणी, वाफ, म्हणे एकच पाणी तीन रूपांत, तसाच एक देव! इथे मात्र माझं डोकंच फिरलं, कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. वसईत २२ वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. एका रविवारी मुलांना नीट समजावं म्हणून स्टीलच्या डब्यात बर्फ घालून स्कूटरवरून नेला, पोचेपर्यंत निम्मा वितळलेला, तेवढंच बरं म्हटलं, पाणीही आलं. माझं बोलून झालं आणि नववीतला एक मुलगा उठला, "टीचर, बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत येशू पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा खाली येतोय, वरून 'तू माझा लाडका' असा बापाचा आवाज येतोय, तिघं एकाच वेळी. मग तेच पाणी एकदम बर्फ पण आणि वाफ पण कसं?" मागून दुसरा म्हणाला की ०.०१ डिग्रीला तिन्ही एकत्र राहतात, फिजिक्समध्ये आहे. असेल बाबा, पण बर्फ कधी वाफेला 'तू माझा लाडका' म्हणतो का? हे मला तेव्हा सुचलं नाही, घरी भांडी घासताना सुचलं.

संध्याकाळी फादरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले तुम्ही मुलांना साबेलियस शिकवलात. हा तिसऱ्या शतकातला माणूस, एकच देव तीन रूपं घेतो म्हणायचा, चर्चने तेव्हाच नाही म्हटलं. पुढच्या रविवारी मी वर्गासमोर 'माझं चुकलं' म्हणाले. तुमचे लेखक म्हणतील का?

३२५ साली निसेयाच्या धर्मसभेत पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा असं ठरलं, पवित्र आत्म्याबद्दल नीट मांडायला ३८१ उजाडलं. मोठमोठ्या बिशपांना एवढी वर्षं लागली ते तुम्ही अर्ध्या कॉलमात, तेही जाहिरातीच्या शेजारी! साधं क्रूसाच्या खुणेकडे बघा, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या 'नावाने', नावांनी नाही. तिघं आणि नाव एक. आणि इथलीच उपमा हवी होती तर ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने १८९८ मध्येच त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून संस्कृतात स्तोत्र लिहून ठेवलंय, सत्, चित् आणि आनंद. तेही पूर्ण पुरतं असं नाही, पण बर्फापेक्षा कितीतरी बरं.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो 'वसईतील चर्च' म्हणून छापलाय. ते जुन्या गोव्यातलं बॉम जीझस बॅसिलिका आहे, उघडा लाल जांभा दिसतोय की ढळढळीत! २५ डिसेंबरच्या आत दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.

आपली,
एक जुनी वाचक, वसई