चिऊ जोडीत गेली म्हणून काय झालं?

नागोया
१३ एप्रिल २०२५

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या दारात उभा होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. पण तुझं एक वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ‘एकटीचं जमत नाही म्हणून सर हिला कुणाच्या तरी गळ्यात बांधतायत.’ रोलर स्केटिंगच्या सरांनी तुझ्या चिऊला सिंगल्स, म्हणजे एकटीने खेळणं, सोडून पेअर्समध्ये, म्हणजे एका मुलाबरोबर जोडीने, जायला सुचवलं, तर तुला ते इतकं लागावं? वहिनींचा आवाजही मागून ऐकू आला, त्याही रडवेल्या झाल्या होत्या. म्हणून म्हटलं, फोन नको, निवांत बसून लिहू. इथे मी जे बघतोय ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

चिऊ तेरा वर्षांची ना? बरोबर याच वयात इथल्या एका मुलीने हाच निर्णय घेतला होता. मिउरा रिकु तिचं नाव. ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुकाची, जन्म डिसेंबर २००१ चा. लहानपणापासून एकटीने स्केटिंग करायची, इतर हजारो मुली करतात तसंच. २०१५ मध्ये ती इचिहाशी शोया नावाच्या मुलाबरोबर पेअर्समध्ये गेली. आज ती दोनदा जगज्जेती आहे. गेल्याच महिन्यात बॉस्टनला तिने दुसरं विजेतेपद मिळवलं, तेही एका पूर्ण गुणाच्या आतल्या फरकाने. तिची चाकं नाहीत, ब्लेड आहेत; चिऊची फरशी आहे, तिचा बर्फ. पण उचलणं, फेकणं, झेलणं तेच आहे रे.

तुला वाटतं तसं इथेही लोकांना वाटायचं, हे आधी सांगतो. मी राहतो तो आइची प्रांत म्हणजे सिंगल्सची खाण. १९८९ मध्ये जगज्जेती झालेली इतो मिदोरी नागोयाची. तीनदा जगज्जेती झालेली आसादा माओ इथलीच, आंदो मिकी इथलीच, उनो शोमाही इथलाच. घराघरात पोरांना स्वप्न पडतं ते एकट्याने बर्फाच्या मधोमध उभं राहण्याचं. पेअर्स म्हणजे कुणीतरी दुसरं करायची गोष्ट. मुलगे मिळायचे नाहीत, शिकवणारे मिळायचे नाहीत, आणि जागा तर नाहीच.

जागेचं तू इथे येऊन बघायला हवंस. रविवारी मी आमच्या धाकट्याला रिंकवर घेऊन जातो. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद. त्यात कठड्याला धरून चालणारी पोरं, एकमेकींचे हात धरून किंचाळणाऱ्या कॉलेजच्या मुली, आणि मधल्या मोकळ्या तुकड्यात उड्यांचा सराव करणारे पाच-सहा जण. एकटा मुलगा त्या गर्दीतून वाट काढून उडी मारू शकतो. पण एका मुलीला डोक्यावर धरून जोरात जाणारा मुलगा कुठून वाट काढणार? समोर एखादं लहान मूल आलं तर त्याला थांबताही येत नाही, वळताही येत नाही. म्हणून ज्यांना पेअर्स करायचं होतं ते देश सोडून गेले.

आता तिच्या जोडीदाराचं सांगतो, कारण मला खरं तर त्याचीच गोष्ट तुला सांगायची आहे. किहारा र्‍युइची. आमच्या शेजारच्या तोकाई शहराचा, रिकुपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हासुद्धा मुळात सिंगल्सचाच. त्या काळात जपानच्या पुरुष सिंगल्समध्ये ताकाहाशी दाइसुके होता, हान्यू युझुरू वर येत होता, पाय ठेवायला जागा नव्हती. आणि नेमका तेव्हाच सोचीच्या ऑलिंपिकमध्ये सांघिक स्पर्धा पहिल्यांदा येणार होती. त्यासाठी पुरुष, महिला, पेअर्स आणि आइस डान्स असे चारही प्रकार लागतात. जपानकडे पेअर्सची चांगली जोडी होती, ताकाहाशी नारुमी आणि मर्विन ट्रॅन. २०१२ मध्ये त्यांनी जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं होतं. पण ट्रॅन कॅनडाचा नागरिक, त्यामुळे ऑलिंपिकमध्ये जपानकडून उतरता येईना, आणि जोडी फुटली. नारुमीला जोडीदार हवा होता. २०१३ च्या सुरुवातीला किहारा तयार झाला. वय वीस. आयुष्यात कधी कुणाला उचललेलं नाही. ऑलिंपिक वर्षभरावर.

विचार कर मन्या. एकट्याने उड्या मारायला शरीर हलकं, सडपातळ लागतं. इथे खांदे, पाठ, मांड्या कमवाव्या लागतात. शरीर भरलं की स्वतःच्या उड्यांचा अंदाज चुकायला लागतो. म्हणजे नवीन शिकायचं आणि त्यापायी जुनं बिघडतंय तेही सावरायचं. सोचीत पेअर्सच्या स्पर्धेत ते अठरावे आले, शेवटच्या टप्प्याला, म्हणजे फ्री स्केटला, पात्रच ठरले नाहीत. पुढे जोडीदार बदलली, सुझाकी मिउबरोबर तो प्याँगचांगला गेला, २०१८ ला. तिथेही तेच, पहिल्याच फेरीनंतर घरी. दोन ऑलिंपिक, आणि दोन्हींत पेअर्सच्या स्पर्धेत फ्री स्केट करायला मिळालंच नाही.

२०१९ मध्ये डोक्याला मार बसला, जोडीही मोडली. त्याने सोडायचं जवळजवळ ठरवलंच होतं. नागोयातल्या एका रिंकवर तो अर्धवेळ काम करायला लागला. हे वाचल्यापासून रविवारी काउंटरवर बूट देणाऱ्या पोरांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. ओले बूट घ्यायचे, फडक्याने ब्लेड पुसायचं, साइज विचारून दुसरा जोड पुढे सरकवायचा. दोन ऑलिंपिक करून आलेला माणूस अशा जागी उभा होता. लोकांनी घसरत जावं म्हणून सोय करत.

त्याच वर्षी रिकुची जोडीही संपली होती आणि तिनेच त्याला विचारलं. उन्हाळ्यात दोघांनी एकदा बरोबर करून पाहिलं. तेव्हा ट्विस्टमध्ये ती इतकी वर गेली की दोघेही थक्क झाले, असं इथे बऱ्याच मुलाखतींतून आलं आहे. ट्विस्ट म्हणजे काय ते तुला नीट सांगतो, कारण चिऊला उद्या हेच शिकवतील. दोघं पाठमोरे घसरत येतात. तो तिच्या कमरेला धरून तिला सरळ डोक्यावर उडवतो आणि हात सोडतो. ती हवेत आडवी होऊन तीन गिरक्या घेते. तेवढ्या वेळात त्याला स्वतः अर्धा वळून तिच्याकडे तोंड करायचं असतं आणि ती खाली यायच्या आत कमरेला पकडून अलगद एका पायावर उतरवायचं असतं. सगळं एका श्वासात. तिचा कोपर अर्धा वीत चुकला तर त्याच्या तोंडावर बसतो. त्याचे हात क्षणभर उशिरा आले तर ती बर्फावर. आणि हे सगळं तो चारेक मिलिमीटर जाडीच्या पात्यावर उभा राहून करतो.

सिंगल्समधून आलेल्या मुलीला सगळ्यात अवघड जातं ते वाट बघणं. थ्रोमध्ये, म्हणजे तो तिला फेकतो त्या उडीत, उडी तिची असते, पण जोर त्याचा. सवयीने ती स्वतःच्या वेळेला उडाली तर त्याचा जोर वाया जातो आणि ती धड इकडची ना तिकडची. त्याचा हात पुरता लागेपर्यंत थांबायचं, हे अंगात भिनायला वर्षं जातात. उतरतानाही ती एकटीने कधी गेली नसती इतक्या उंचीवरून आणि इतक्या लांब उतरते, तेही एका पायावर, पाठमोरी.

त्यानंतर दोघं कॅनडातल्या ओकव्हिलला गेले, प्रशिक्षक ब्रूनो मार्कॉट यांच्याकडे. लगेच कोविड आला. घरापासून लांब, स्पर्धा नाहीत. पण बाहेर आले तेव्हा जोडी वेगळीच झाली होती. २०२१ मध्ये जागतिक स्पर्धेत दहावे, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सातवे, आणि त्याच मार्चमध्ये जागतिक रौप्य. बीजिंगच्या सांघिक पदकात त्यांचा वाटा केवढा होता! जपानला आधी कांस्य होतं, रशियाच्या खेळाडूचं उत्तेजकाचं प्रकरण निकालात निघाल्यावर ते रौप्य झालं आणि ते पदक त्यांना गेल्या ऑगस्टमध्ये पॅरिसला मिळालं. ज्या सांघिक स्पर्धेसाठी किहाराला घाईघाईने उभं केलं होतं, त्याच स्पर्धेत. मला हे वाचताना भरून आलं होतं.

मग मार्च २०२३. जागतिक स्पर्धा आपल्याच देशात, म्हणजे यांच्या, साइतामाला. त्या हंगामात ग्रां प्री फायनल आणि फोर कॉन्टिनेंट्स या दोन मोठ्या स्पर्धा आधीच जिंकलेल्या. साइतामात २२२.१६ गुण, आणि पेअर्समध्ये जपानला पहिलं जागतिक सुवर्ण. आमच्या ऑफिसमधले एक वयस्कर सहकारी, एरवी एक शब्द बोलत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मला टेबलावर दोन बोटं घसरवून दाखवत होते, दोघं कशी एकाच वेगाने जातात ते. त्यांचं खरं वैशिष्ट्य तेच आहे. उड्या इतरांच्याही होतात. पण ही दोघं बर्फावर निघतात तेव्हा कोण कुणाला ओढतंय ते कळत नाही.

दुखणी काही चुकलेली नाहीत, हे लपवत नाही तुझ्यापासून. तिचा खांदा निखळलेला आहे, त्याची पाठ त्याला महिनोन्‌महिने बाहेर बसवून गेली. २०२४ ला मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत रौप्यावर थांबले. तिथे त्यांना हरवलं ते डिआना स्टेलाटो-ड्यूडेकने, तिच्या जोडीदारासह. तीही मुळात सिंगल्सचीच, २००० साली ज्युनियर जागतिक रौप्यविजेती, मग सोळा वर्षं खेळच सोडलेला. परत आली ती पेअर्समध्ये, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी जगज्जेती झाली. आता सांग, हिलाही कुणी गळ्यात बांधलं म्हणायचं का?

मला यातून जे दिसतं ते सांगतो. एकटा खेळणारा पडला तर स्वतः पडतो. जोडीत बऱ्याचदा चूक एकाची असते आणि आपटतो दुसरा. तो पाव सेकंद चुकला तर मार तिला. ती हवेत घाबरून आखडली तर पाठ त्याची जाते. त्यामुळे पडल्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत काय होतं, यावर जोडी टिकते की नाही ते ठरतं. या दोघांचे व्हिडिओ लावशील तेव्हा गुणांकडे बघू नकोस, चूक झाली की कोण कुणाकडे कसं बघतं ते बघ. ती त्याच्याकडे हसून बघते. तो तिचा हात धरतो आणि पुढच्या लिफ्टला, म्हणजे तिला उचलायला, निघतो.

आणि मला आपली कॉलेजची डबल्स आठवते. टेबल टेनिसची. तुझी सर्व्हिस नेटला लागली की मी मान फिरवायचो, आठवतं? बोलायचो नाही काही, पण मान फिरवायचो. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात शेवटच्या गेमला तू सर्व्हिसच हळू करायला लागलास, चुकायला नको म्हणून, आणि आपण हरलो. मला तेव्हा वाटलं तू कच खाल्लीस. खरं म्हणजे तू माझ्या मानेकडे बघून खेळत होतास. इतक्या वर्षांत हे तुला बोललो नाही. या दोघांना बघताना ते प्रत्येक वेळी आठवतं. माफ कर रे.

म्हणून चिऊच्या बाबतीत सर काय म्हणतात त्यापेक्षा तो मुलगा कसा आहे ते बघ. दोघांची गिरकी एकाच दिशेला आहे का? तो तिच्यापेक्षा पुरेसा मोठा आणि भरलेला आहे का, की नुसता उंच? चाकांवर चढण्याआधी जमिनीवर, गादीवर उचलण्याचा सराव किती महिने घेणार, पडायचं कसं ते आधी शिकवणार का, हे सरांना सरळ विचार. यात संकोच करू नकोस. घाई दिसली तर नाही म्हण, ठामपणे. आणि सिंगल्सच्या उड्या सोडायच्या नाहीत, जोडीतही शेजारी शेजारी तीच उडी मारावी लागते, आणि तिथे कच्चं असलं की लगेच दिसतं.

पण ती कमी पडली म्हणून चाललीय, असं तिच्यासमोर एकदाही बोलू नकोस. तू बोलला नाहीस तरी ती तुझी मान बघणार.

रात्र बरीच झाली. इथे साकुरा पडायला लागलाय, खाली सायकलींच्या सीटवर पाकळ्यांचा थर बसलाय. वहिनींना नमस्कार सांग, आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. आणि चिऊला माझ्याकडून एकच विचार, पहिल्यांदा वर उचलल्यावर तिला खाली बघावंसं वाटलं की समोर.

तुझा,
पक्या

ता. क. धाकट्याने रिंकवर काल पहिल्यांदा कठडा सोडला. सहा पावलं. सातव्याला माझा हात धरला.