नाशिकच्या शरणपूरमधल्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम. समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे.

वडील गेल्यावर भावाने हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. जागेचं मला फारसं वाटलं नाही. पण आई शेवटच्या आजारात असताना त्याने मला घराचा उंबरठा ओलांडू दिला नाही, ते काळजात रुतून बसलं. प्रार्थना कोरडी झाली. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या वेळी मी उठून बाहेर जायचे.

तेव्हा उपदेश करणारे खूप भेटले. कुणी 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा करण्याचं येशूचं वचन तोंडावर फेकलं. एका सभेत तर मला पुढे बोलावून, हातात माइक देऊन 'मी भावाला क्षमा केली' असं वदवून घेतलं. टाळ्या पडल्या, हालेलुया झालं. घरी येऊन मी रात्रभर रडले. त्यांच्यापैकी एकानेही माझ्या आईबद्दल विचारलं नाही. आजही त्याचा राग येतो.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', म्हणजे अपराध करणाऱ्यांना क्षमा केली आहे, इथे आलं की माझा आवाज बंद व्हायचा. एका रविवारी जाणवलं, शेजारचा आवाजही थांबलाय. तुमची नजर समोर, ओठ मिटलेले, चष्म्याची दोरी बोटांत घट्ट. 'परीक्षेत आणू नको'पासून तुम्ही पुन्हा सुरू केलंत. पुढच्या रविवारीही तेच. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मभर पाठ असलेली प्रार्थना माझ्यासाठी एक ओळ गाळून म्हणत होती!

पुढे ईस्टरआधीच्या उपवासकाळात तुम्ही बायबलमधलं ५१वं स्तोत्र, दावीद राजाची पश्चात्तापाची प्रार्थना, काढून दिलंत. म्हणालात, "दाविदाने शुद्ध हृदय स्वतः घडवलं नाही गं, देवाकडे मागितलं. वधस्तंभावरून प्रभूनेही बापालाच सांगितलं, यांना क्षमा कर. तूही मागत राहा." मी मागत राहिले. आतलं कधी ओलावलं ते कळलंच नाही, पण एका रविवारी ती ओळ माझ्या तोंडून सबंध बाहेर पडली. तुम्ही लगेच सूर मिळवलात आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. त्याबद्दल तर जास्तच आभार.

आपली ही वस्ती १८५०च्या दशकातली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथे आसरा मिळाला, शिक्षण मिळालं. परक्या मुलखात त्यांच्याही शेजारी कुणीतरी असंच, काही न विचारता बसलं असेल, असं मला सारखं वाटतं. चर्च अशाच माणसांवर उभं असतं, मावशी. माइकवाल्यांवर नाही.

प्रभुभोजनाला आता मी थांबते. भावाला मात्र अजून फोन केलेला नाही. करेन तेव्हा तुम्ही शेजारी बसाल ना?

तुमची,
लेकीसारखी